माकडताप काजूच्या हंगामातच का येतो?

काजूला मोहोर धरला की सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या वर्तमानपत्रांत आतल्या पानांवर एक छोटी बातमी दिसायला लागते. अमुक गावाच्या हद्दीत माकड मृतावस्थेत आढळलं, नमुने तपासणीला पाठवले. काही दिवसांनी त्याच परिसरात तापाचे रुग्ण सापडतात आणि मग सल्ल्यांचा पूर येतो. माकडं पकडून लांब नेऊन सोडा, गाईचं दूध बंद करा, ताप आलेल्या शेजाऱ्याच्या घरी जाऊ नका. भीती समजण्यासारखी आहे. पण यातल्या एकाही सल्ल्याने माकडताप थांबत नाही, कारण तो या वाटांनी येतच नाही. तो ज्या वाटेने येतो ती वाट नीट कळली, तर तो अडवायचा कुठे हेही आपोआप कळतं. या आजारावर आज नेमकं औषध नाही आणि हाताशी लसही नाही, म्हणून ही वाट ओळखण्याला फार महत्त्व आहे.

क्यासनूरच्या जंगलात काय दिसलं

गोष्ट १९५७ सालची. कर्नाटकातल्या शिमोगा, म्हणजे आताच्या शिवमोग्गा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या गावांमध्ये लोक जोराच्या तापाने आजारी पडत होते. त्याच वेळी जवळच्या जंगलात वानर आणि माकडं मरून पडलेली सापडत होती. पुण्यात १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशनने मिळून विषाणू संशोधन केंद्र उभं केलं होतं. आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, ती हीच. तिथले संशोधक या जंगलात पोचले तेव्हा त्यांच्या मनात पहिली शंका आली ती पीतज्वराची. दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांत पीतज्वराने आधी माकडं मरतात आणि मग माणसं आजारी पडतात. भारतात पीतज्वर नव्हता, आजही नाही. मात्र तो पसरवू शकणारा, डेंग्यूचाही वाहक असलेला एडिस डास आपल्याकडे घरोघरी आहे. शंका खरी ठरली असती तर देशावर केवढं संकट आलं असतं, याची कल्पना त्या लोकांना होती.

तपासणीत वेगळंच निघालं. मेलेल्या माकडांच्या आणि आजारी माणसांच्या नमुन्यांत जो विषाणू मिळाला तो डेंग्यू आणि पीतज्वराच्याच कुळातला होता. पण त्याचं जवळचं नातं जुळलं ते रशियाच्या जंगलांत गोचिडांमधून पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी. पहिल्यांदा तो ज्या जंगलात सापडला त्याच्या नावावरून आजाराला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज असं नाव मिळालं. आपला माकडताप तो हाच. रशियातल्या विषाणूचा भाऊबंद शिमोग्यात आला कसा, स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांनी तर आणला नाही ना, हा प्रश्न इतका गंभीरपणे घेतला गेला की जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने सलीम अली यांच्या पुढाकाराने पक्ष्यांच्या पायांत कड्या घालण्याची मोठी मोहीम हाती घेतली. पक्ष्यांनी हा विषाणू आणला असं सिद्ध झालं नाही. भारतातल्या पक्षी स्थलांतराचा अभ्यास मात्र त्यातून उभा राहिला. एका तापाच्या शोधातून असंही काही हाती लागतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

विषाणूचं खरं घर

प्राण्यांमधून माणसात येणाऱ्या आजारांना प्राणिजन्य आजार म्हणतात. रेबीज, निपाह, बर्ड फ्लू हे सगळे त्यातले. पण विषाणू प्राण्याकडून माणसाकडे उडी कुठून मारतो, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. रेबीज चावणाऱ्या जनावराच्या लाळेतून येतो. निपाह वटवाघळांनी उष्टावलेल्या फळांतून किंवा ताडी-खजुरीच्या उघड्या रसातून येऊ शकतो आणि नंतर रुग्णाची सेवा करणाऱ्यालाही गाठतो. त्यामुळे ‘प्राण्यांपासून सावध राहा’ एवढंच सांगून कुणाचं भलं होत नाही. उडीची जागा सांगावी लागते.

माकडतापात ही जागा म्हणजे गोचिडाचा चावा. जंगलातले उंदीर, चिचुंद्र्या, खारी यांसारखे लहान प्राणी आणि गोचिडं यांच्यात हा विषाणू वर्षानुवर्षं फिरत राहतो. तिथे कुणाचं फार बिघडत नाही. गोचिडाच्या आयुष्यात अंडं, सहा पायांची अळी, आठ पायांचं पिल्लू आणि पूर्ण वाढलेलं गोचीड अशा अवस्था येतात. अंड्यातून बाहेर पडल्यावर प्रत्येक अवस्थेत त्याला एकदा पोटभर रक्त लागतं. रक्त पिऊन झालं की ते खाली गळून पडतं, कात टाकतं आणि पुढच्या अवस्थेत नव्या प्राण्याच्या शोधात निघतं. अळीच्या अवस्थेत एकदा विषाणू शिरला की कात टाकली तरी तो जात नाही. जमिनीचा मालक बदलला तरी सातबारावरचा बोजा जसा तसाच राहतो, तसा तो पुढच्या अवस्थेत उतरतो.

वानर आणि माकड या साखळीत सापडले की चित्र पालटतं. त्यांच्या शरीरात हा विषाणू प्रचंड वाढतो. त्या काळात त्यांचं रक्त पिणारी असंख्य गोचिडं विषाणू घेऊन बसतात. माकड मरून पडलं की गोचिडं थंड झालेल्या अंगावरून उतरतात आणि आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. माकड पडलं ती जागा आणि तिच्या भोवतालचा काही मीटरचा परिसर पुढे बरेच दिवस धोक्याचा राहतो तो यामुळे. त्या जागेवरून लाकडं गोळा करत जाणाऱ्या माणसाला मेलेलं माकड दिसलंही नसेल, पण गोचीड त्याच्या पायावर चढलेलं असतं.

म्हणजे माकड हे या आजाराचं पहिलं बळी. आपल्याला मिळणारी आगाऊ सूचनाही तेच.

हंगामाचं गणित

हा ताप पसरवणारी गोचिडाची मुख्य जात पावसाच्या तालावर जगते. पावसाला सुरुवात झाली की पूर्ण वाढलेली गोचिडं गाई-म्हशी आणि मोठ्या रानटी जनावरांच्या अंगावर चढतात. रक्त पिऊन माद्या खाली पडतात आणि पाचोळ्यात हजारोंनी अंडी घालतात. पावसाळा संपता संपता अळ्या बाहेर येतात आणि दिवाळीच्या सुमारास लहान प्राण्यांना, माकडांना चिकटतात. त्या कात टाकतात तेव्हा पिल्लं तयार होतात, आणि ती साधारण डिसेंबर-जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत जंगलभर असतात. माणसाला चावतात ती मुख्यतः ही पिल्लं. एक-दोन मिलिमीटरचा हा जीव चावला तरी कळत नाही. बहुतेक रुग्णांना आपल्याला गोचीड चावलं होतं हे आठवतही नाही.

आता याच महिन्यांत कोकणातला माणूस कुठे असतो ते पाहा. फेब्रुवारीपासून काजूच्या बिया वेचायच्या असतात. बोंडू झाडाखाली पाचोळ्यात पडलेले असतात, ते वाकून, बसून, हाताने पाचोळा बाजूला सारत गोळा करावे लागतात. त्याआधी बागेची बेणणी, म्हणजे गवत-झुडपांची साफसफाई असते. भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजण्यासाठी, पातेरा (वाळका पालापाचोळा) गोळा करून डोक्यावरून आणायचा असतो. पावसाळ्यासाठी लाकूडफाटा भरायचा असतो. दुपारी दमलं की त्याच काजूखाली अंग टाकायचं असतं. गोचिडाचं पिल्लू गवताच्या किंवा पाचोळ्याच्या टोकाला बसून कुणीतरी घासून जाण्याची वाट बघत असतं आणि आपण नेमके त्याच महिन्यांत, त्याच उंचीवर हात-पाय घालत असतो. जून आला, पाऊस लागला की पिल्लांचा काळ संपतो आणि तापाचे रुग्णही थांबतात.

कोकणात तो अचानक का आला?

साधारण २०१२ पर्यंत हा आजार कर्नाटकातल्या शिमोगा आणि आसपासच्या जिल्ह्यांपुरता मानला जात असे. मग तो बंदीपूरच्या जंगलात दिसला, पुढे तमिळनाडूतल्या निलगिरीत, केरळमधल्या वायनाडमध्ये. २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आणि २०१७ मध्ये सावंतवाडी तालुक्यातल्या बांद्याच्या परिसरात माणसं आजारी पडली. नकाशावर ही गावं पश्चिम घाटाच्या एकाच हिरव्या पट्ट्यात येतात. त्यामुळे ‘बाहेरून कुणी आणला’ हा शोध फारसा उपयोगाचा नाही.

या सगळ्या ठिकाणांत एक साम्य आहे. सलग, घनदाट जंगलापेक्षा जंगल आणि लागवड एकमेकांत मिसळलेल्या जागी हा आजार जास्त आढळतो. जंगलाच्या कडेला काजू, सुपारी किंवा भातशेती असते, गुरं चरायला आत जातात आणि अंगावर गोचिडं घेऊन गावाजवळ येतात, माकडं फळांसाठी बागेत उतरतात. माणूस, गुरं, माकडं आणि उंदीर ही सगळी मंडळी एकाच पाचोळ्यावरून चालू लागली की विषाणूला वाट मोकळी होते. म्हणून ‘जंगल तोडून टाकलं तर रोग जाईल’ हा विचार उलटा आहे. तोडल्याने जंगलाची कड वाढते, आणि धोका कडेलाच आहे.

मग माकडांचा बंदोबस्त का करू नये?

कोकणातल्या बागायतदारांचं माकडांनी केलेलं नुकसान खरं आहे, त्यावर उपाय हवा ही मागणीही रास्त आहे. पण ती मागणी माकडतापाशी जोडली तर दोन्हीकडे हात रिकामे राहतील. माकडं हटवली तरी विषाणू उंदीर, खारी आणि गोचिडांमध्ये राहतोच. आजारी माकड पकडून दुसऱ्या रानात सोडलं तर त्याच्या अंगावरची गोचिडं आणि रक्तातला विषाणू आपण स्वतःच्या गाडीने नव्या गावात पोचवतो. माकड मारलं तर त्याच्या अंगावरची गोचिडं तिथेच पाचोळ्यात उतरतात.

करायचं ते वेगळं आहे. माकड मेलेलं किंवा झाडावरून पडून तडफडताना दिसलं तर हात लावायचा नाही, काठीने ढकलायचं नाही, जवळ जाऊन फोटोही काढायचे नाहीत. त्याच दिवशी ग्रामपंचायत, वनरक्षक, आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र यांपैकी जे जवळ असेल तिथे कळवायचं. पशुवैद्यक संरक्षक कपडे घालून नमुने घेतात, शव जाळलं जातं आणि सभोवती साधारण ५० मीटरच्या घेरात गोचीडनाशक पावडर मारली जाते. प्रत्येक माकड तापानेच मरतं असं नाही. विजेच्या तारेला लागून, कुत्र्यांच्या हल्ल्यातही मरतात. तरीही कळवायचं, कारण ते ठरवणं प्रयोगशाळेचं काम आहे. आणि माकडं मरताना दिसली नाहीत म्हणजे रान सुरक्षित, असाही अर्थ काढू नये. खोल रानात मेलेलं माकड कुणाच्याच नजरेला पडत नाही.

दूध, शेजारी आणि घरातला कुत्रा

माकडताप एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. रुग्णाच्या शेजारी बसा, त्याला जेवायला वाढा, त्याची सेवा करा, काही होणार नाही. गाई-म्हशी गोचिडांना पोसतात, पण त्यांच्या दुधातून हा ताप आल्याचा पुरावा नाही. काजूगर आणि बोंडू खाऊनही तो होत नाही. घरातला कुत्रा रानात भटकून आला तर अंगावर रानातली गोचिडं आणू शकतो, म्हणून हंगामात त्याला तपासत राहावं. गुरांनाही पशुवैद्यकाच्या सल्ल्याने गोचीडनाशक लावून घ्यावं, कारण अंडी घालणाऱ्या माद्या गुरांवरच पोसल्या जातात.

ताप आला तर

चाव्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत ताप येतो, आणि तो हळूहळू चढत नाही, एकदम भरतो. कपाळ ठणकतं, कंबर आणि पिंढऱ्या इतक्या दुखतात की उठवत नाही, डोळे लाल होतात, उलट्या-जुलाब होतात. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून किंवा शौचावाटे रक्त जातं. रक्तदाब उतरतो, प्लेटलेट कमी होतात. इथेच घोटाळा होतो, कारण प्लेटलेट कमी झालेल्या दिसल्या की डेंग्यू समजून पुढचा शोध थांबतो. म्हणून डॉक्टरांना आपणहून सांगा की मी काजूच्या बागेत जात होतो, आमच्या वाडीत माकड मेलं होतं, गुरं रानात चरतात. हे एक वाक्य निदानाची दिशा बदलू शकतं.

रक्ताची तपासणी कधी केली जाते यालाही महत्त्व आहे. पहिल्या काही दिवसांत पीसीआर चाचणीत विषाणूच थेट सापडतो. पुढे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं दिसतात आणि मग त्यांची चाचणी करावी लागते. त्यामुळे ताप कोणत्या दिवशी सुरू झाला ते लिहून ठेवावं.

विषाणू मारणारं सिद्ध झालेलं औषध नाही. पण याचा अर्थ उपचार नाहीत असा मुळीच नाही. शिरेतून द्रव देऊन रक्तदाब सांभाळणं, रक्तस्राव झाला तर रक्त किंवा प्लेटलेट देणं, रुग्णाच्या शुद्धीवर लक्ष ठेवणं, तापासाठी पॅरासिटामॉल, या साध्या दिसणाऱ्या काळजीने बहुतांश रुग्ण बरे होतात. मृत्यूचं प्रमाण शंभरात तीन ते पाच असं मानलं जातं, आणि उशीर झालेल्या रुग्णांना धोका जास्त असतो. अंगदुखीसाठी दुकानातून अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी आणून घेऊ नये, तिने रक्तस्राव वाढू शकतो. अँटिबायोटिक या विषाणूवर चालत नाही. तरीही डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिलं तर त्यांना चूक ठरवू नका. स्क्रब टायफस आणि लेप्टो हे आजारही असेच दिसतात, ते जिवाणूंमुळे होतात आणि त्यांच्यावर ते औषध काम करतं. अहवाल येईपर्यंत ते सुरू ठेवण्यात शहाणपण असतं.

एक गोष्ट घरच्यांनी विशेष लक्षात ठेवावी. ताप उतरतो, माणूस घरी येतो, आठवडा-दोन आठवडे बरे जातात आणि काही रुग्णांना पुन्हा ताप भरतो. शंभरातल्या दहा-वीस जणांच्या बाबतीत असं घडतं. या वेळी तीव्र डोकेदुखी, मान आखडणं, हात थरथरणं, असंबद्ध बोलणं किंवा गुंगी येऊ शकते. हा अशक्तपणा नव्हे. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. बरं झाल्यावरही काही आठवडे अंगात ताकद नसते, आणि रोजंदारीवरच्या माणसाला नेमकी हीच विश्रांती परवडत नाही.

साठ वर्षं उलटली, मग लस का नाही?

हा प्रश्न दोडामार्गच्या माणसाने रागाने विचारला तर तो राग योग्यच आहे. प्रयत्न झाले नाहीत असं नाही. सुरुवातीला रशियन मेंदूज्वराची लस वापरून पाहिली गेली, नातं जवळचं असल्याने चालेल अशी आशा होती, ती चालली नाही. मग कोंबडीच्या गर्भातल्या पेशींवर हा विषाणू वाढवून, त्याला निष्क्रिय करून लस तयार झाली आणि १९९० च्या सुमारापासून कर्नाटकात दिली जाऊ लागली. एका महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर आणि त्यानंतरही दर वर्षी बूस्टर, असं तिचं वेळापत्रक होतं. सुई दुखायची, त्यामुळे पुढचे डोस घ्यायला लोक येत नसत. २००५ ते २०१० या काळातल्या कर्नाटकातल्या पाहणीत दोन डोसनंतरची परिणामकारकता सुमारे ६२ टक्के आणि बूस्टरसह सुमारे ८३ टक्के निघाली. पुढे लसीची ताकद अपुरी पडत असल्याचं दिसून आलं आणि २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने इंडियन इम्युनॉलॉजिकल्सबरोबर नव्या लसीचं काम हाती घेतलं आहे.

रुग्णांची संख्या कमी, तेही डोंगरातले मजूर आणि लहान शेतकरी, अशा आजाराच्या लसीत कंपन्यांना नफा दिसत नाही. म्हणून हे सरकारनेच करायचं काम आहे आणि त्याचा पाठपुरावा लोकप्रतिनिधींकडे दर वर्षी व्हायला हवा. नागपूरला डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली. माणसांचं आरोग्य, जनावरांचं आरोग्य आणि जंगल यांचा एकत्र विचार करायचा, हा तिचा विषय. माकडतापाला याची नितांत गरज आहे, कारण मेलेलं माकड वनखात्याला दिसतं, गुरावरचं गोचीड पशुवैद्यकाला आणि ताप आरोग्य केंद्राला. तिघांनी एकमेकांना वेळेवर सांगितलं नाही तर प्रत्येकाकडे अर्धीच माहिती राहते.

लस येईपर्यंत

बागेत जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ कपडे आणि पायमोज्यांत खोचलेली विजार हवी. कपडा फिकट रंगाचा असला की पिल्लू दिसतं. उघड्या अंगावर, विशेषतः पायांवर, गोचीड दूर ठेवणारं तेल लावावं. संरक्षण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शोधलेल्या डेपा या रसायनाचं तेल कर्नाटकात वाटलं जातं. पाचोळ्यावर बसू नये, झोपू नये. घरी आल्यावर कपडे उकळत्या पाण्यात टाकावेत, साबण लावून कढत पाण्याने आंघोळ करावी आणि गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कंबरपट्ट्याखाली नीट पाहावं. गोचीड चिकटलेलं दिसलं तर बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढावं. नखाने चिरडू नये, काडी पेटवून किंवा रॉकेल टाकून सोडवू नये. पातेऱ्याचा ढीग घराला लागून ठेवू नये.

हे सगळं एप्रिलच्या उन्हात, घामाने निथळत, दिवसभर पाळणं किती कठीण आहे हे बागेत राबणारा माणूसच जाणतो. म्हणूनच सगळा भार त्याच्यावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. काजू वेचायला मजूर लावणाऱ्या मालकाने मजुरीबरोबर तेलाची बाटली, पायमोजे आणि बसायला स्वच्छ केलेली जागा द्यायला हवी. ग्रामपंचायतींनी तेलाची मागणी ताप आल्यावर न करता नोव्हेंबरच्या ग्रामसभेतच नोंदवायला हवी, म्हणजे पिल्लं बाहेर पडायच्या आधी ते वाडीवाडीत पोचेल.